वरच्या मजल्यावर फुकट

आमच्या बिल्डिंगीत प्लंबर किती घेतो हे कुणाला विचारावं लागत नाही. तालाय दारात उभा राहिला की पाचशे सोम. नळाचं काम वेगळं, कमोड बसवायचं त्याहून वेगळं, आणि भिंत फोडायची वेळ आली तर अल्लाचं नाव घ्यायचं. गेल्या हिवाळ्यात माझ्या बाथरूमचा नळ बदलला, त्याचे त्यानं दोन हजार घेतले. मी एकटी बाई, पेन्शनवर जगणारी. म्हटलं, "तालाय, बाळा, काहीतरी सोड की."

"झूराआपा, तुम्हाला सोडलं तर अख्ख्या बिल्डिंगीला सोडावं लागेल," म्हणाला आणि नोटा खिशात घातल्या.

आणि माझ्या डोक्यावर राहणाऱ्या बुरूलकडून मात्र तो दमडी घेत नव्हता.

मला कसं कळलं विचाराल, तर आमच्याकडे बाथरूमचे पाइप खालपासून वरपर्यंत एका बोळकांडीतून जातात, आणि त्यातून वरचं बोलणंही खाली येतं. मी काही कान लावून बसत नाही. पण दात घासताना माणसानं कान कुठे ठेवायचे?

"अरे, निदान वॉशरचे तरी घे," बुरूल म्हणत होती.

"ठेव ताई ते पैसे. पुन्हा काढलेस तर मी येणार नाही."

मग कुजबुज, मग दोघांचं हसणं, आणि मग लोण्यात भाजलेल्या पदर सुटलेल्या रोट्यांचा वास. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तालायला चहासुद्धा विचारला नव्हता हे खरं, पण दोन हजार घेणाऱ्याला चहा कोण विचारतं? बुरूलला नवरा आहे, नवऱ्याची मिनीबस आहे, चाळिशी आली तरी मनगटाएवढी वेणी आहे. वर नळही फुकट. एका बाईला सगळंच मिळावं हे मला काही पटेना.

तिचा नवरा कुबात मला जिन्यात भेटला. मी हसत हसत म्हटलं, "तुझी बायको नशीबवान हो! माझ्या नळाचे दोन हजार गेले, आणि तुमच्याकडे तालाय हिवाळाभर येतोय, एक सोम घेत नाही. काय जादू आहे ती मलाही शिकव म्हणावं."

"कोण येतोय?" कुबात म्हणाला.

आता यात मी खोटं काय बोलले? मी रेट सांगितला.

कुबात मुळातच संशयी. बुरूल टरबूजवाल्याकडे बघून हसली तरी हा टरबूज परत करून येणार. त्या संध्याकाळी बोळकांडीतून त्याचा आवाज आला, "आपला नळ कुणी दुरुस्त केला गं?"

"मीच केला. नुसता आवळायचा तर होता," बुरूल म्हणाली.

ती खोटं बोलली आणि तिथंच सगळं फिसकटलं. बायको हातची चालली असं कुबातनं मनाशी धरलं. जेवेना, झोपेना. मला आधी बरं वाटलं, मग थोडी भीतीही वाटली. शेवटी त्यानं काय करावं? मिनीबसचा पाना आणून स्वतःच्याच घरातल्या नळाचा सांधा ढिला करून ठेवला आणि सकाळी नेहमीसारखा गाडी घेऊन निघून गेला. दुपारी माझ्या दारात हजर.

"आपा, चला वर. साक्षीला कुणीतरी पाहिजे."

मी गेले. कोण नाही जाणार?

नळ दुरुस्त होऊन गेला होता. तालाय टेबलाशी बसला होता, समोर गरम रोट्या, वाटीभर घट्ट साय आणि लग्नातल्या निळ्या पियाल्या. त्याच्या पियालीत चहा अर्धाच होता. आमच्यात मानाच्या पाहुण्याला असाच देतात, थोडा थोडा, पुन्हा पुन्हा, म्हणजे तो बसून राहतो. काठोकाठ भरून दिला की समजायचं, पी आणि ऊठ. मला त्या घरात कायम काठोकाठ मिळाला होता.

"अर्धी पियाली!" कुबात कडाडला. "नळवाल्याला अर्धी पियाली! आणि मी रस्त्यावर लोकांचे धक्के खातोय!"

तालाय उठून उभा राहिला. "दाजी, आधी ऐकून तर घ्या."

"दाजी कुणाचा रे? रेट काय तुझा? आपा, तुम्ही किती दिले होते?"

"दोन हजार," मी म्हटलं.

कुबातनं खिशातून तिकिटाच्या पैशांची चुरगळलेली चवड काढली आणि नोटा मोजायला लागला. तशी बुरूल मध्ये पडली.

"त्याच्या हातात पैसे देऊ नकोस! आमच्या गावचा आहे तो. आमच्या ओढ्यापलीकडचा. लहानपणी माझ्या कडेवर असायचा." तिनं तालायची हत्यारांची थैली उघडली आणि पान्यांच्या खालून कापडी पुरचुंडी काढली. आत कुरुत होतं, दह्याचे वाळवलेले खारट गोळे. "आई पाठवते याच्याबरोबर. निरोप पाठवते. दुसरं कोण येतं माझ्याकडे? तू येऊ देतोस कुणाला?"

ते मात्र खरं होतं. घोड्याची गोष्ट बिल्डिंगीत सगळ्यांना ठाऊक आहे. बुरूलचे वडील वारले तेव्हा कुबात जावयाच्या रीतीनं मयतीच्या जेवणाला कापायचा घोडा घेऊन गेला, तोही हाडकुळा, आणि तिचा भाऊ चारचौघांत म्हणाला, "हा चालत आला की उचलून आणला?" लोक हसले. त्या गावचं माणूस माझ्या उंबऱ्यात येणार नाही आणि मी त्यांच्या, असं कुबात तिथंच सांगून आला होता. म्हणून ती खोटं बोलली होती. तिचं सगळं माहेर त्या हत्यारांच्या थैलीतून येत होतं.

कुबातचा चेहरा मी पाहिला. जीव भांड्यात पडला होता त्याचा. त्या क्षणी तो खाली बसला असता तर मलाही अर्धी पियाली मिळाली असती. पण तेवढ्यात त्याला घोडा आठवला.

"म्हणजे त्या लोकांचं फुकट खातोय मी? माझ्या घोड्याला हसले, आता माझा नळही तेच दुरुस्त करणार? घे!" त्यानं नोटा तालायच्या छातीशी धरल्या.

"घेऊ नकोस तालाय," बुरूल म्हणाली. "गावच्या लेकीकडून पैसे घेतलेस तर माझ्या आईसमोर काय तोंड घेऊन जाशील?"

तालायनं थैलीचं तोंड आवळलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला ते पाहणं आवडलं नाही.

"ताई, नाही घेतले तर हे उद्या पुन्हा संशय घेतील. आणि बिल्डिंगभर सांगणारे आहेतच. पैसे घेतले की मी नुसता प्लंबर. मग तुला कुणी काही म्हणणार नाही."

त्यानं नोटा घेतल्या. पुरचुंडी टेबलावरच ठेवली, थैली उचलली आणि दारात बूट चढवत म्हणाला, "सांधा घट्ट केलाय, मालक. ढिला केल्याशिवाय गळायचा नाही."

उन्हाळ्याच्या तोंडाला तो नळ खरंच गळायला लागला. मी बाथरूममध्येच होते. तालाय आला, पान्याचा आवाज झाला, थांबला. ना हसणं, ना लोण्याचा वास.

"बाराशे झाले, मालकीणबाई."

नोटा मोजल्याचा आवाज आला. मग बुरूलनं हळूच विचारलं, "आई कशी आहे रे?"

"माझं गावाकडे जाणं होत नाही आता," तालाय म्हणाला.

दार लागलं. आता तिलाही रेट, मलाही रेट. मला जे हवं होतं तेच झालं होतं, पण माझ्या पोटातलं दुखणं काही थांबलं नाही. मीठ मागायच्या निमित्तानं मी वर गेले. कुबात दुपारच्या जेवणाला आला होता. खुशीत होता.

"चहा दे गं," तो म्हणाला. "आपांनाही दे."

बुरूलनं आधी माझी पियाली भरली, नेहमीसारखी काठोकाठ. मग त्याची घेतली आणि ती ओतत राहिली, चहा काठाला टेकला तरी ओतत राहिली. ती पियाली तिनं नवऱ्यासमोर ठेवली आणि आत निघून गेली. कुबात पियालीकडे बघत बसला. उचलायला गेला तर चहा टेबलक्लॉथवर सांडला. त्यानं तो तसाच प्यायला आणि उठला.