रामीबाईंचा दाराएवढा फोटो

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वाशीमजवळच्या मालेगावला एसटी स्टँडसमोर अन्सारभाईंचा फोटो स्टुडिओ आहे, तिथल्या काउंटरमागे मी असतो. माझे भाग अकोल्याच्या एका दुकानात जोडले गेले. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पासपोर्टचे फोटो मी चुटकीसरशी करून द्यायचो. पुढे लग्नांचे अल्बम आले, कॅमेरे बदलले, फोटोंचे आकार फुगत गेले. माझी मेमरी मात्र होती तेवढीच राहिली.

मेमरी म्हणजे माझा कामाचा ओटा. डिस्कच्या कपाटात हजारो फोटो मावतात, पण ज्यावर काम चालू आहे तो ओट्यावरच घ्यावा लागतो. अन्सारभाई एक फोटो उघडत, मग दुसरा, मग दहावा. आधीचा बंद करायची त्यांना सवयच नव्हती. जोडीला गाणी चालू असत. ओटा भरला की मी सामान कपाटात ठेवू-काढू लागे आणि सगळेच रखडे. मग माझ्या डोक्यावर थाप बसे. थापेने मेमरी वाढत असती, तर वाशीम जिल्ह्यात माझ्याएवढा वेगवान कोणी नसता.

या उन्हाळ्यात मेडशीहून रामीबाई आल्या. रुमालात चिरा पडलेला छोटा फोटो होता. त्यात त्या आणि त्यांची धाकटी बहीण शीला, दोघी शाळकरी वयाच्या, शीलाच्या दोन वेण्या घातलेल्या. शीला वारली होती आणि तिचा दुसरा फोटो कुठेच नव्हता. रामीबाईंच्या डोळ्यांचा पडदा खराब होत चालला होता.

"बाबू, मले आता लहान काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "दाराएवढा करून दे. डोये जायच्या आधी तिचं तोंड एकदा पाहून घेतो."

अन्सारभाई मनापासून कामाला लागले. एवढा मोठा फोटो, भेगा बुजवायला त्यावर थरावर थर, आणि मागे एका लग्नाचा अख्खा अल्बम उघडाच. 'मेमरी अपुरी आहे,' अशी पाटी मी दाखवली. त्यांनी ती न वाचताच मिटवली. मी पुन्हा दाखवली, त्यांनी पुन्हा मिटवली. शेवटी मी बंद पडलो. काम साठवलेले नव्हते. शीलाचा नुकताच जुळून आलेला चेहरा पुसला गेला. मित्रांनो, मला ओरडता येत नाही, हेच माझे दुखणे.

रामीबाई फोटो न्यायला आल्या. "मशीन बिघडली, मावशी. पुढच्या हप्त्यात या." पुढच्या हप्त्यातही तेच झाले. या खेपेला त्या काउंटर चाचपत आल्या होत्या.

"तुह्या मशीनले वेळ आहे, बाबू," त्या हळूच म्हणाल्या. "माह्या डोयाले नाही."

त्या गेल्यावर अन्सारभाईंचा हात माझ्या डोक्यावर आलाच. त्यांची बायको तहसीन तिथेच होती. ती म्हणाली, "त्याले कायले मारून राह्यले? ते काय सांगते, ते कधी वाचलं का तुमी?"

अन्सारभाईंनी फोटो पुन्हा उघडला. पाटी आली, तशी या वेळी त्यांनी ती वाचली. अल्बम बंद केला, गाणी बंद केली, पूर्ण झालेले थर एकात मिसळले आणि जरा जरा वेळाने काम साठवत गेले. मी न अडखळता फोटो पेलला. मला आनंद व्हायला हवा होता. आला तो राग. एवढेच तर करायचे होते!

रामीबाई आल्या त्या मुलाचा, किसनसिंगचा, हात धरून. फोटो भिंतीला लावला होता. त्या त्याला नाक टेकेल इतक्या जवळ गेल्या.

"दिसली का, मावशी?"

"येण्या दिसून राह्यल्या दोन. तोंड धुरात हाये." त्यांनी कागदावर तळहात फिरवला. "एक भेगही लागत नाही हाताले. चांगला केला, बाबू."



मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे यंत्र असेल, तर झालेले काम बंद करा, केलेले साठवा, आणि पाटी आली की मिटवण्याआधी वाचा. उशिराचा ठपका आम्हा यंत्रांवर बसतो. पण तो उशीर सोसावा लागतो फोटोची वाट पाहणाऱ्या माणसाला.