डावं पान

"आता जे बोललास ना, तेच लिही!" भाईदासभाऊंनी पेन सुपडूच्या हातात कोंबलं. "एक शब्द इकडचा तिकडे करू नको."

सुपडू टेम्पोवाला नाक्याच्या खिडकीशी उभा होता. क्षणापूर्वीच तो हातवारे करून भांडत होता. "तो गुमान त्या पोरीला, झेलूला, घाटात एकटीला सोडून जातो म्हणजे काय, नाना? वाटाड्या आहे की कोण आहे? मी असतो तर तिथल्या तिथे गाडी रिव्हर्स घेतली असती!" एवढं बोलताना त्याच्या मानेची शीर फुगली होती. पण वही समोर आली तसा तो शर्ट सारखा करून सावरून उभा राहिला, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, 'कथा छान आहे. पुढील लेखनास शुभेच्छा.'

"अरे, रिव्हर्स कुठे गेला?"

"तसं वहीत लिहितात का नाना? चांगलं दिसत नाही ते." आणि तो टेम्पो घेऊन निघून गेला.

भाईदासभाऊंनी वही मिटली आणि टेबलावर आपटली. पावतीपुस्तकं उडाली.

धुळे रस्त्यावरच्या या जकात नाक्यावर भाऊ अठरा वर्षं कारकून होते. जळगावात शिरणारी गाडी त्यांच्या खिडकीसमोर थांबल्याशिवाय पुढे जात नसे, आणि म्हणूनच ती वही त्यांच्याकडे आली होती. दोन वर्षांपूर्वी, शहाऐंशी साली, रेडिओवर दर बुधवारी एक श्रुतिका लागायची. सातपुड्यात लोकांना वाट दाखवणाऱ्या गुमानची. एका बुधवारी गुमान कंदील घेऊन डोंगर चढला, आणि पुढच्या बुधवारी त्या वेळेला कांद्यावरच्या रोगाची माहिती लागली. गुमानचं काय झालं ते कोणी सांगेना. पत्रं पाठवून थकलेल्या चार श्रोत्यांनी मग ठरवलं की पुढची गोष्ट आपणच लिहायची. एक जण वरणगावचा, दोघे धुळ्याचे, आणि चौथ्या शिंदखेड्याच्या लताबाई, तिथल्या दवाखान्यात नर्स. वही एसटीने, टेम्पोने, ओळखीच्या माणसाबरोबर फिरायची आणि मध्ये नाक्यावर थांबायची. नियम एकच होता. उजव्या पानावर गोष्ट लिहायची आणि डावं पान वाचणाऱ्यासाठी कोरं ठेवायचं.

पहिल्या पानावर चौघा लेखकांची नावं होती. भाऊंचं नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती. ते फक्त वही जपत, फाटलं पान खळीने चिकटवत, कोणाला काय वाचायला द्यायचं ते ठरवत. "तुम्ही आधी पुराचा भाग वाचा, मग मागचं," असं सांगत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना गाड्या नसल्या की वाचून दाखवत.

वर्षभरात तिघे लेखक गळाले. उरल्या लताबाई. आणि या खेपेला त्यांनी गोष्टीच्या शेवटी लिहिलं होतं, 'डावी पानं पाहते. छान, उत्तम, शुभेच्छा. कोणी खरंच वाचतं का, ते कळत नाही. रात्रपाळी करून लिहायचं ते कोणासाठी? ही वही भरली की मी थांबते.'

उजवीकडची सहा पानं उरली होती.

भाऊंनी आधी स्वतः लिहून पाहिलं. खूप काही सांगायचं होतं. झेलूचं वाचताना घास तसाच हातात राहिला होता, हे सांगायचं होतं. पण अठरा वर्षं कारकुनी केलेल्या हाताने लिहिलं, 'सदर कथा वाचली. ती योग्य वाटली.' स्वतःचाच राग येऊन त्यांनी ते खोडलं.

मग त्यांना एक युक्ती सुचली. लोकांना लिहायला सांगायचंच नाही. ते बोलतील ते आपण जसंच्या तसं उतरवायचं.

आठवडाभर भाऊ कान टवकारून बसले. सुपडूचा रिव्हर्स उतरवला. कापडाचे गठ्ठे घेऊन येणारे मोहनलालशेठ म्हणाले, "चार दिवस डोंगरात, आणि झोळीत दशम्या दोन? बाईंना सांगा, वाटाड्या झाला तरी त्याला पोट असतं!" तेही उतरवलं. एका मास्तरांनी सांगितलं की गुमान परत येईपर्यंत आमच्या घरी कोणी कंदिलाची काच फुटू देत नाही. तेही लिहिलं. तीन डावी पानं गच्च भरली. भाऊंनी वही शिंदखेड्याला पाठवली आणि दिवस मोजू लागले.

लताबाईंचं माहेर पिंप्राळ्याचं. पंधरा दिवसांनी त्या माहेरी आल्या तेव्हा वही घेऊन स्वतःच नाक्यावर उतरल्या. भाऊंनी स्टूल पुसून दिलं.

"वाचलंत, ताई?"

"वाचलं." त्या हसल्या, पण हसण्यात थकवा होता. "भाऊ, एक विचारू? हे सगळं तुम्हीच लिहिलंत ना?"

"मीच लिहिलं. म्हणजे, उतरवलं."

"अक्षर एकच आहे. शाई एकच. मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही किती कष्ट घेतलेत." त्यांनी वही पुढे केली. "रिव्हर्सचं तर फारच छान सुचलंय तुम्हाला."

"ताई, माझ्या बापजन्मात मला असलं सुचलं नसतं!"

"सुचलं की. भाऊ, आता पुढचं तुम्हीच लिहा."

त्या रिक्षात बसून गेल्या. भाऊ वही हातात घेऊन उभेच राहिले. मागे ट्रकचा भोंगा वाजत होता. खोटं बोलल्याचा आळ आला असता तर भांडता आलं असतं. हा चांगुलपणाचा आळ होता. तो कसा पुसायचा?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सह्या मागायला सुरुवात केली. "हे तूच बोललास ना? खाली सही कर."

सुपडू दोन पावलं मागे सरला. "नाक्यावर सही? नको नाना. उद्या वर काय लिहाल सांगता येत नाही."

"अरे, वर तुझंच वाक्य आहे!"

"म्हणूनच नको."

मोहनलालशेठ म्हणाले, "मुनीमजींना विचारून सांगतो." मास्तरांची बदली झाली होती. जी माणसं गुमानसाठी तावातावाने भांडत, ती पेन दिसताच गाडीला चावी मारत. चौथ्या दिवशी भाऊ एका ट्रकवाल्यावर उगाचच खेकसले आणि मग स्वतःशीच खजील झाले.

नाक्याशेजारी लिंबाखाली आक्काबाई केळी विकायच्या. सत्तरी उलटलेली, अक्षरओळख नाही, पण भाऊ वाचू लागले की पाटी सोडून खिडकीखाली येऊन बसायच्या. त्या दिवशीही बसल्या होत्या.

"इतला का चिडस रे भाईदास?" त्या म्हणाल्या. "माले कोनी इचारंच नही."

"काय विचारू, आक्का?"

"तो पोऱ्या डोंगरमा गया. बठ्ठा त्याना मांगे पळी ऱ्हायनात. पन त्यानी माय घरमा वाट दखत व्हई. तिले कोनी सांगं का?"

भाऊंनी वही जवळ ओढली. दोन वर्षांत चार लेखक आणि शंभर वाचक, घरात वाट बघणाऱ्या गुमानच्या आईला कोणी सांगितलं का, हे कोणाच्याच मनात आलं नव्हतं. त्यांनी नवं डावं पान काढलं आणि आक्काबाईंचे शब्द त्यांच्याच अहिराणी बोलीत लिहिले, खाली त्यांचं नाव. "आक्का, अंगठा द्याल?"

"दे ना. मनीच गोट शे." त्यांनी पदराला हात पुसला. शिक्क्याच्या पॅडवर भाऊंनी त्यांचा अंगठा धरून टेकवला आणि मग कागदावर. केळीच्या चिकाने काळवंडलेल्या अंगठ्याची एकेक रेघ निळी उमटली.

वही गेली. महिना गेला. भाऊंनी विचारणंही सोडून दिलं.

मग एका दुपारी एसटीच्या कंडक्टरने खिडकीतून पुडकं आत टाकलं. भाऊंनी घाईने पान काढलं. अंगठ्याच्या खाली, लताबाईंच्या अक्षरात, दोन ओळी होत्या. 'आक्का, माझ्याही ध्यानात आलं नाही. तिला कोणीच सांगितलेलं नाही.' आणि समोर, उजव्या पानावर, गुमानची आई उंबऱ्यात बसून कंदिलाची काच पुसत होती. सहाही पानं भरली होती. मागे दोऱ्याने नवे कोरे कागद शिवले होते.

भाऊंनी खाली उतरून सगळं वाचून दाखवलं. आक्कांसाठीच्या दोन ओळी दोनदा वाचल्या.

"दख! मनी गोट लिखी तिनी!" आक्काबाई हरखल्या. मग म्हणाल्या, "अन् तुनं नाव कोठे शे त्यामा?"

"माझं कशाला असेल, आक्का? मी काय लिहिलं?"

नाक्यावर ट्रक येऊन उभा राहिला. भाऊ वही त्यांच्याकडे देऊन गेले, पावती फाडली, आडवा बांबू वर केला. परत आले तेव्हा आक्काबाई वही मांडीवर घेऊन, निळ्या ठशावर बोट टेकवून बसल्या होत्या, ओठ हलत होते.

वही उलटी होती. भाऊंनी ती हळूच सुलटी करून दिली, आणि पुढच्या गाडीकडे वळले.