शिकवलेली उत्तरं

माझी नात ठकू आता सत्तावीस वर्षांची आहे. माझ्यापेक्षा हातभर उंच, पण गळ्यात अजून माझाच टेप. पिवळा, एका टोकाला चावून चावून धागे निघालेला. चाळीस वर्षं मी त्याच टेपाने बायकांची मापं घेतली. ठकू तीन वर्षांची असताना तिने तो माझ्या गळ्यातून ओढून घेतला आणि दाराची चौकट मोजायला लागली. आकडे तिला कळत नव्हते. टेप लावायचा, बोटाने धरायचा, सोडायचा, पुन्हा लावायचा. मी जावयाला म्हटलं, "बघा, धंद्याला वारस मिळाला." तो हसला. लेक हसली नाही. तिला तेव्हाच काहीतरी दिसलं होतं.

चौथं लागलं तरी पोर 'आई' म्हणत नव्हती. रेडिओवरची साबणाची जाहिरात मात्र घडाघडा म्हणायची, बाईच्या आवाजात एक ओळ, पुरुषाच्या आवाजात एक. मिक्सर लावला की कानांवर हात दाबून पलंगाखाली शिरायची. ताट पांढरंच हवं. मी म्हणायचे, लाडाने होतं असं, बोलेल हळूहळू. माझ्या त्या 'हळूहळू'मध्ये दीड वर्ष गेलं.

शेवटी लेक तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मी हट्टाने बरोबर गेले. बाई खुर्चीत बसल्याच नाहीत. जमिनीवर फतकल मारून तासभर ठकूबरोबर ठोकळे मांडत राहिल्या. मग उठून त्यांनी तो शब्द उच्चारला. ऑटिझम. मराठीत स्वमग्नता म्हणतात, असंही सांगितलं. लेकीने मान हलवली, जणू पत्ता बरोबर आहे एवढंच तिला कोणी सांगितलं होतं.

मी मात्र भांडायला उभी राहिले. "अहो, हिचे आजोबासुद्धा पाच वर्षांपर्यंत बोलत नव्हते!"

"हो? आणि मग?"

"मग बोलले की. गरजेपुरतं."

"गर्दी आवडायची त्यांना?"

"छे! स्वतःच्या लग्नात तासभर गच्चीवर जाऊन बसले होते."

बाईंनी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं. मला वाटलं, जिंकले. परत येताना लेक म्हणाली, "आई, ते त्यांनी तुझं पटलं म्हणून नाही लिहिलं." मग मला उमगलं. माझा नवरा गेला त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्याच्याशी अबोल्यावरून मी जितकी भांडणं केली, ती सगळी त्या दिवशी बसमध्ये मला एकेक करून आठवली.

आमचं घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर, खाली वाहता रस्ता. पुढच्या खोलीत माझं मशीन. लेक हॉस्पिटलच्या लाँड्रीत, चादरींच्या इस्त्रीवर. तिची पाळी चारला सुटायची. जावई मालाची गाडी चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेर. ठकूची शाळा बाराला सुटायची. बारा ते चार ठकू माझी.

सात वर्षांची झाल्यावर शाळेने कळवलं की मुलीबरोबर मदतनीस हवा, नाहीतर आम्हाला तिला ठेवता येणार नाही, दोनदा फाटकाबाहेर पळाली आहे. मदतनीस मिळायचा तर अपंगत्वाचा भत्ता मंजूर व्हायला हवा. तो मिळाला तर तीच मदतनीस शाळेतून पुढे घरी येऊन दुपारीही थांबणार होती. नाही मिळाला तर शाळा जाणार आणि दिवसभर पोरीजवळ थांबायला लेकीची नोकरीही. अर्ज चांगला जाडजूड होता. मूल काय करू शकत नाही, एवढंच पानोपानी विचारलेलं. लेक रोज जेवणं झाली की एक पान लिहायची आणि दिवा न लावता गॅलरीत जाऊन उभी राहायची. अर्ज गेला. मग पत्र आलं की अमुक तारखेला मुलीला तपासणीला आणा.

आता मी काय केलं ते सांगते. तपासणी म्हणजे गरज दाखवायची, हे मला लेकीने दोनदा समजावलं होतं. मला कळत नव्हतं असं म्हणणार नाही. पण आपली नात चार परक्या माणसांसमोर उभी राहणार, ते काहीतरी विचारणार, ती छताकडे बघत साबणाची जाहिरात म्हणणार आणि ती माणसं एकमेकांकडे बघणार, हे माझ्याने सोसवेना. जन्मभर मी एकच काम केलं. शिवणीची बाजू आत आणि बघणाऱ्याला दिसते ती बाजू नीट. कापड कमी पडलं तर जोड असा द्यायचा की घालणारीलाही सापडू नये.

तीन आठवडे, रोज दुपारी, मशीनखाली बसलेल्या ठकूला मी शिकवलं.

"तुझं नाव काय गं बाई?"

"ठकू."

"हरवलीस तर काय करशील?"

"एका जागी थांबेन. आईचा फोन नंबर सांगेन."

"मग सांग बघू." ती सांगायची, एक आकडा चुकायचा नाही. "रस्ता कसा ओलांडतात?" "दोन्हीकडे बघून." "बटणं लावता येतात?" "हो." "शाब्बास. घे तुझी रिळं." मग तिला दोन रिळं उलगडायला मिळायची. पुढे पाच मोठी बटणं असलेला फ्रॉक शिवला आणि रोज तोच घालून तीच बटणं लावून घेतली. पोरीची स्मरणशक्ती माझ्या कात्रीसारखी, एकदा चालली की थांबायची नाही.

तपासणीच्या खोलीत एक टेबल, एक चष्मेवाली बाई आणि भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. चष्मेवालीने विचारलं, "तुझं नाव काय?" ठकू म्हणाली, "ठकू." ठणठणीत आवाजात. लेकीने चमकून माझ्याकडे पाहिलं. मग फोन नंबर झाला, रस्ता झाला, बटणं झाली. पंधरा मिनिटांत आटोपलं. माझी छाती अशी फुगली होती की ब्लाउजची शिवण उसवते की काय.

बाहेर पॅसेजमध्ये आलो आणि बाजूच्या स्वच्छतागृहात कोणीतरी हात वाळवायचं यंत्र चालू केलं. ठकू फरशीवर आडवी झाली. किंचाळत, कानांवर हात, डोकं आपटत. लेक तिच्या डोक्याखाली स्वतःचा तळहात धरून बसली. पाऊण तास. खोलीचं दार लागलेलं होतं, आत पुढचं मूल गेलं होतं.

महिन्याने पत्र आलं. लेकीने उभ्यानेच वाचलं. मुलगी विचारलेल्या प्रश्नांची योग्य उत्तरं देते, स्वतःचे कपडे घालते, धोक्याची जाणीव आहे. मदतनिसाची गरज दिसून येत नाही.

"आई, हिला हे कोणी शिकवलं?"

"अगं, पोर शहाणी झालीय, तुलाच दिसत नाही."

मशीनखालून आवाज आला. "तुझं नाव काय गं बाई? ठकू. हरवलीस तर काय करशील? एका जागी थांबेन." माझा आवाज, मग तिचा, मग पुन्हा माझा. माझं मध्येच घसा खाकरणंसुद्धा. "शाब्बास. घे तुझी रिळं."

जावई त्या दिवशी घरी होता. तो म्हणाला, "आई, माझ्या लायसनच्या परीक्षेच्या वेळी कुठे होतात तुम्ही? दोनदा नापास झालो." कोणी हसलं नाही. त्याचंही तोंड उतरलं. लेक पत्राची घडी घालत होती, चादरीची घालतात तशी, कोपऱ्याला कोपरा लावून.

"तुला हिची लाज वाटते का गं आई?" तिने विचारलं. रागाने नाही.

मी नाही म्हटलं. ते खरं होतं की नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

अपील करायला एक महिन्याची मुदत होती. डॉक्टरीणबाईंनी लांबलचक पत्र दिलं, शाळेनेही दिलं. पण बाई म्हणाल्या, "कागद ते वाचतीलच. जो माणूस दिवसा मुलीजवळ असतो, त्याने तोंडाने सांगितलं तर फरक पडेल. चांगला दिवस सांगू नका. सगळ्यात वाईट दिवस सांगा."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. "आई, तूच असतेस."

सगळ्यात वाईट दिवस माझ्याकडे होता. तो कोणालाच माहीत नव्हता.

अपिलाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दुपारी चहाचं आधण ठेवून मी मशीनवर बसले, एक काठ घालायचा राहिला होता. डोळा लागला. जागी झाले तेव्हा दार सताड उघडं. जिना कसा उतरले आठवत नाही. ठकू रस्त्याच्या मधोमध गुडघ्यांवर बसून पांढरा पट्टा मोजत होती. टेप लावायचा, बोटाने धरायचा, सोडायचा. तिच्या डोक्यापासून दोन वितींवर एक टेम्पो थांबलेला. टेम्पोवाला फुटपाथवर डोकं धरून बसला होता. त्याने मला नाही नाही ते ऐकवलं. ऐकून घेतलं आणि हात जोडून म्हटलं, "कोणाला सांगू नका हो." तो म्हणाला, "आजी, मला इथे ओळखतं कोण? तुम्ही सांगा घरी." मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जावयाला म्हटलं, वाऱ्याने दार फार आपटतं, वर एक कडी लावून द्या. त्याने लावली. वर म्हणाला, "तुमचा वारा फार उंच उडी मारतो हो आई."

अपिलाला टेबलापलीकडे तीन माणसं होती. ठकू टेबलाखाली शिरून टेबलाचे पाय मोजायला लागली. मधल्या गृहस्थांनी विचारलं, "आजी, तुम्ही काय सांगाल?"

मी लेकीकडे न बघता सांगितलं. दार, जिना, पट्टा, टेम्पो. खोटं कारण सांगून लावून घेतलेली कडीसुद्धा.

"किती वेळ बाहेर होती ती?"

"माहीत नाही. परत वर आले तेव्हा चहाचं पाणी आटून भांडं काळं पडलं होतं."

मधल्या गृहस्थांनी ते लिहून घेतलं. टेबलाखाली टेपाचं पितळी टोक लाकडावर टक टक वाजत होतं. मला वाटलं, एवढ्याने भागणार नाही, पुन्हा पोर शहाणी ठरेल. म्हणून मी म्हटलं, "तिला एकटीला सोडता येत नाही. तिला धोका कळत नाही." आणि मग घसा खाकरून, कोणी विचारलं नसताना, "माझ्याच्याने आता होत नाही."

भत्ता मंजूर झाला. त्यांनी तिथल्या तिथेच सांगितलं. लेकीने तिघांचे आभार मानले, ठकूला टेबलाखालून काढलं, तिची चप्पल सरळ केली. घरी येईपर्यंत ती बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती. उतरायच्या वेळी एवढंच म्हणाली, "मी तुला रोज विचारायचे गं. आजची दुपार कशी गेली म्हणून."

भांडली असती तर बरं झालं असतं. घरी आल्यावर तिने चहा केला आणि नेहमीसारखा पहिला कप मला दिला.

पुढच्या महिन्यात मदतनीस आली. पोरगेलीच होती, पायात कॅनव्हासचे बूट, पण काम जाणणारी. मिक्सर लावण्याआधी ठकूला तीनदा सांगायची. रस्त्यावर हात मनगटाशी धरायची, पंजाशी नाही, म्हणजे सुटत नाही. शाळा टिकली. लेकीची नोकरी टिकली. बारा ते चार ठकू तिची झाली. मी कधी मध्ये पडले तर लेक म्हणायची, "आई, तू आराम कर." फार गोड बोलायची. मी आतल्या खोलीत मशीन हलवून घेतलं.

अपील झालं त्याच संध्याकाळी ठकूने सुरुवात केली होती. पलंगाखालून, माझ्या आवाजात. "तिला एकटीला सोडता येत नाही. तिला धोका कळत नाही. माझ्याच्याने आता होत नाही." घसा खाकरणं जिथे होतं तिथेच. लेक हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवसांत तेवढं एकदाच तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं, हे विसरवायचं कसं? त्या म्हणाल्या, "तुम्ही समजता तसा अर्थ तिच्या मनात असेलच असं नाही. ती टेबलाखाली होती, हातात टेप होता, वर तुमचा आवाज होता. तिला सुरक्षित वाटलं असणार. बरं वाटावं म्हणून म्हणते ती."

वीस वर्षं झाली. रांगेत उभं राहावं लागलं, कुठे भोंगा वाजला, सुई टोचून घ्यायची असली की ठकू ती तीन वाक्यं म्हणते. लोक मागे वळून म्हातारी कुठे आहे ते शोधतात. मी एक-दोनदा दुसरं काही शिकवायला गेले. तेही तिने घेतलं, पण दुखलं-खुपलं की जुनंच.

परवा दुपारी मी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होते. जाग आली तेव्हा ठकू समोर जमिनीवर होती. मदतनीस बाई, म्हणजे आताची तिसरी, दारात उभी. ठकूने माझ्या खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावला होता आणि हळू आवाजात म्हणत होती, "माझ्याच्याने आता होत नाही." मी हात हलवला नाही. बऱ्याच वेळाने, तेव्हाच्याच चालीत म्हटलं, "तुझं नाव काय गं बाई?"

"ठकू," ती लगेच म्हणाली आणि टेप सोडून पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसली.

पुढचा प्रश्न, हरवलीस तर काय करशील, हा होता. तो मी विचारला नाही. उठून डब्यातली दोन रिळं काढली आणि तिच्या हातात दिली.