गादीवरची फ्रेम

गुरुशांत परत पडला.

या वेळी पाणी नाकातून आत गेलं ते थेट टाळूपर्यंत झणझणलं. डोळे चोळत उभा राहतोय तोवर मागून फळी आली आणि पोटरीवर दणकन बसली. त्या फळीची दोरी पायाला बांधलेली असते. म्हणजे तुम्ही पडलात तरी ती काही तुम्हाला सोडत नाही, पाळलेल्या कुत्र्यासारखी मागं येते.

किनाऱ्यावरून भोंग्यातून आवाज आला, "विरुपाक्षजी, कोई बात नहीं! वन मोर टाइम!"

गुरुशांतनं मान वर केली नाही. आपल्यालाच हाक मारतायत हे त्याच्या अजून पटकन ध्यानात येत नव्हतं.

विरुपाक्ष हे त्याच्या मालकाचं नाव. सोलापुरात नवी पेठेच्या तोंडाशी 'विरुपाक्ष पेंट्स' आहे, तिथं गुरुशांत काउंटरला. वीस-बावीस वर्षं झाली. रंगाच्या कंपनीनं जास्त माल उचलणाऱ्या दुकानदारांना गोकर्णची टूर दिली होती. एसी बस, हॉटेल, समुद्र, आणि लाटांवर उभं राहायचं शिक्षण. विरुपाक्षअण्णांचे गुडघे गेलेले. शिवाय मागच्या टूरला जेवणात सगळीकडं माशांचा वास आला म्हणून ते तीन दिवस केळी खाऊन राहिले होते. ते म्हणाले, "तू जा की रे गुरू. तुला तरी कोण नेणार हाय समुद्रावर?"

बोलले ते प्रेमानंच. पण खरं होतं ना, म्हणून लागलं.

कंपनीच्या साहेबाला सगळं माहीत होतं. बसमध्ये चढताना त्यानं गुरुशांतला बाजूला घेऊन सांगितलं, की यादीत नाव अण्णांचं आहे, वर तेच गेलंय, तेवढं तीन दिवस सांभाळून घ्या. मग काय, नाश्त्याच्या कूपनवर विरुपाक्ष, खोलीच्या दारावर विरुपाक्ष. निळ्या टी-शर्टच्या पाठीवर 'विरुपाक्ष पेंट्स, सोलापूर'. पहिल्या दिवशी गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आरशासमोर उभा राहिला आणि उगाचच स्वतःचं नाव एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं. येडाच झालोय, म्हणाला.

फळीवर उभं राहिलंच पाहिजे असं काही नव्हतं. पोट सुटलेले चार-पाच दुकानदार सरळ सावलीत बसून नारळपाणी पीत होते. पण कंपनीनं जाहीर केलं होतं, की जो फळीवर उभा राहील त्याचा मोठा फोटो फ्रेम करून घरपोच मिळणार. आणि गुरुशांतनं हे बसमधूनच बायकोला फोन करून सांगून टाकलं होतं. तिथंच चुकलं.

सिद्धेश्वरी त्याच्या फोटोवरून कायम बोलायची. घरात त्याचा एकच फोटो, लग्नातला. त्यातही कुणीतरी हाक मारली म्हणून तो भलतीकडं बघतोय. दुकानात दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाचा फोटो निघतो. अण्णा, अण्णांची मुलं, सुना, हमालसुद्धा. काढणारा गुरुशांत. "तुमचा एक नीट फोटो न्हाय घरात," ती म्हणायची. "उद्या काय झालं तर हार लग्नातल्या फोटूला घालायचा व्हय? लोक म्हणतील, कोण ओ हे पोरगं?"

तर फ्रेम येणार म्हटल्यावर तिनं भिंतीत खिळाही ठोकून घेतला होता. आणि इकडं हा पडतोय. सकाळपासून नुसता पडतोय.

शिकवणारा मंजू गोकर्णचाच. काळा, काटक, केस उन्हानं तांबूस झालेले. बाकीच्यांशी तो हिंदीत बोलायचा, गुरुशांतशी कानडीत. सोलापूरच्या लिंगायत घरातला माणूस, कानडी घरचीच. सकाळी मंजूनं सगळ्यांना गळ्यातलं-हातातलं काढायला लावलं, तेव्हा गुरुशांतनं टी-शर्टवर हात ठेवून सांगितलं, गळ्यात इष्टलिंग आहे, हे काढत नसतात. मंजूनं एकदा बघितलं आणि दोरा दोन वेढे देऊन घट्ट करून दिला. तेवढ्यावरून गुरुशांतला तो आवडला होता.

आता मात्र त्याचाही राग यायला लागला होता. वाळूवर शिकवताना सगळं जमत होतं. पोटावर झोपायचं, हातानं पाणी मारायचं, हात छातीशी टेकून झटक्यात उठायचं, एक पाय पुढं, एक मागं, गुडघे वाकलेले. वाळूवर त्यानं अगदी बरोबर केलं. पाण्यात गेलं की मंजू मागून फळी ढकलायचा, "अप" म्हणायचा, हा उठायचा, आणि लगेच धप्प.

"उठता बरोबर," मंजू म्हणाला. "पण उठलं की मागं का बघता?"

"मी कुठं मागं बघतो?"

"दरवेळी. उठता आणि मान फिरवून माझ्याकडं बघता. मान फिरली की फळी फिरते. हिंदे नोडबेडी. मुंदे नोडी." मागं बघू नका, पुढं बघा.

गुरुशांतला पटेना. शेजारी कमरेएवढ्या पाण्यात बार्शीचे बापूसाहेब उभे होते. हा माणूस दुसऱ्याच झटक्याला फळीवर उभा राहिलेला, तेही एवढं पोट घेऊन, आणि तेव्हापासून ओलेत्यानंच सगळ्यांना सल्ले देत फिरत होता. मंजू मानेनं काय करून दाखवतोय ते बघून त्यांना हसू फुटलं.

"ओ, ते दुकानात पण तसंच करतेत की. मी बघितलंय. गिऱ्हाइकानं इचारलं, कमी किती करता, की ह्यांची मान गेली मागं."

दोघं-तिघं हसले. गुरुशांतही हसला. हसण्यावारी न्यावं लागतं असलं.

पण ते खरंच होतं. अण्णांची गादी काउंटरच्या मागं, थोडी उंचावर. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की गुरुशांत मागं बघणार. अण्णांनी डोळे मिटले तर द्यायचं. डोळे पेपरात घातले तर नाही द्यायचं. तोंडानं कुणीच काही बोलायचं नाही. कोणत्या पेंटरला किती सोडायचं हे आता अण्णांपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक होतं, तरी मान जायचीच. घरात सिद्धेश्वरीनं 'भात घालू का' विचारलं तरी तो आधी मागं भिंतीकडं बघतो, असं पोरगी चिडवायची. त्याला वाटायचं, पोरीचं काहीतरी.

तो चिडून बाहेर आला आणि वाळूत बसला. पोटऱ्या सोलवटल्या होत्या, कोपरं भाजत होती. पिशवीत फोन वाजत होता.

"गुरू, गोडाऊनची किल्ली कुटं ठेवलास बे?" अण्णा. "सकाळपासनं हुडकायलोय सगळेजण."

"गादीखाली हाय अण्णा. तुमी बसलाय तिथंच."

तिकडं खुडबूड झाली. "हां, हाय. मजा हाय की लेका तुझी. काय चाललंय?"

"काय न्हाय अण्णा. पडायलोय."

अण्णांना भारी हसू आलं. हसत हसतच त्यांनी फोन ठेवला. गुरुशांतनं फोन पिशवीत टाकला आणि समुद्राकडं बघितलं. एवढं पाणी, आणि एका माणसाला उभं राहू देत नाही. त्याला त्या फळीचा राग आला, बापूसाहेबांच्या पोटाचा आला, पाठीवरच्या नावाचा आला. सगळ्यात जास्त स्वतःच्या मानेचा आला.

भोंग्यातून साहेब सांगत होता, आता शेवटची फेरी, मग गोकर्णच्याच महाबळेश्वराच्या देवळात दर्शनाला बस निघणार. बापूसाहेब टॉवेल गुंडाळून म्हणाले, "सोडा ओ आता. फ्रेमचं काय घेऊन बसलाय."

गुरुशांत उठला, फळी काखेत मारली आणि पाण्यात गेला.

पहिल्याच लाटेला पडला. मंजूनं फळी सरळ केली, त्याला परत पोटावर झोपवलं आणि किनाऱ्याकडं बोट केलं. तिथं वाळूत एक तांबडी गाय बसली होती, निवांत रवंथ करत. गोकर्णला समुद्रावर गायी असतातच. "ती गाय बघा," मंजू म्हणाला. "मी मेलो तरी माझ्याकडं बघू नका. गाय बघा."

लाट आली. मागून ढकललं. "अप!"

तो उठला. आणि मान निघाली. त्याला ती निघालेली कळली. मानेतली ती एक शीर, वीस वर्षं त्याच बाजूला वळून वळून सैल झालेली. मागं बघायचं होतं. बरं झालं का, चाललंय का, उभा राहू का, हे कुणाच्या तरी तोंडावर वाचायचं होतं. पण मागं होतं कोण? गादी नव्हती, काही नव्हतं. नुसतं पाणीच होतं की.

त्यानं गायीकडं बघितलं.

फळी पळायला लागली. खालून सुळसुळ आवाज येत होता, गुडघे वाकलेले, दात आवळलेले. गाय मोठी मोठी होत गेली. मग फळी वाळूला घासली आणि थांबली, आणि तो तसाच फळीवर उभा. घोट्याएवढ्या पाण्यात. उतरायचं कसं हे कुणी शिकवलंच नव्हतं.

"विरुपाक्षजी! क्या बात है, विरुपाक्षजी!" भोंगा ओरडला. टाळ्या पडल्या. कॅमेरावाला अंगठा दाखवत होता, फोटो आला म्हणून.

मंजू पाणी तुडवत आला. गुरुशांत त्याला म्हणाला, "नन्न हेसरु गुरुशांत." माझं नाव गुरुशांत आहे.

"मग विरुपाक्ष कोण?"

"तो सोलापुरात बसलाय. किल्लीवर."

मंजूला काय कळलं कुणास ठाऊक, पण तो तोंडाला हात लावून भोंग्यापेक्षा मोठ्यानं ओरडला, "गुरुशांतण्णा!" गाय कान हलवून उठून गेली.

टूरचे फोटो अण्णांच्या मोबाइलवर आले, कारण ग्रुपात नंबर त्यांचा. त्यांनी एक गुरुशांतला पाठवला. सिद्धेश्वरीनं तो बोटांनी मोठा करून करून बघितला. शेजारच्या निंगव्वाला दाखवला. "सरळ बघायलेत बघा," एवढंच म्हणाली, पण दोन-तीनदा म्हणाली.

फ्रेम महिन्याभरानं आली. दुकानाच्या पत्त्यावर. चांगली दोन हात लांब, काचेची, खाली सोनेरी अक्षरात अण्णांचं पूर्ण नाव आणि दुकानाचं नाव. गुरुशांतनंच खोका उघडला. अण्णा खूश झाले. म्हणाले, लाव की माझ्या डोक्यावर, सगळ्यांना दिसंल.

स्टुलावर चढण्याआधी गुरुशांत म्हणाला, "अण्णा, घरी न्यावं म्हणत होतो मी ही."

"अरे, कंपनीनं दुकानाला दिलीया ती. कंपनीची माणसं येतेत, बघतेत. हितं नको का?" मग जरा थांबून म्हणाले, "तुला मोबाइलवर धाडलाय की."

त्यात खोटं काही नव्हतं. गुरुशांतनं खिळा ठोकला.

संध्याकाळी तो मोबाइल घेऊन स्टुडिओत गेला. स्टुडिओवाल्यानं फोटो कॉम्प्युटरवर फ्रेमएवढा करून दाखवला. तोंडाच्या जागी नुसते चौकोन चौकोन. "असं फिरून फिरून आलेला फोटो फुटतो ओ," तो म्हणाला. "मूळचा आणा." मूळचा साहेबाकडं. साहेबाला फोन लावला तर त्याची बदली झालेली. सिद्धेश्वरीनं घरच्या खिळ्याला कॅलेंडर अडकवलं.  

दुकानात येणारे फ्रेमखालचं नाव वाचायचे आणि म्हणायचे, "काय अण्णा, ह्या वयात समुद्रावर?" पहिल्या आठवड्यात अण्णा सांगायचे, "आमचा गुरू गेलता की." मग सांगून सांगून कंटाळले. मग नुसतं हसायला लागले. पुढं पुढं एखाद्याला समुद्राचं पाणी किती खारट असतं तेही सांगायला लागले. फोटोत तसं तोंड लहानच होतं, पाणी उडालेलं. नाव मोठं होतं.

आणि गुरुशांतची पंचाईत वेगळीच. मान जायची मागं, जुनी सवय. अण्णांचं तोंड बघायचं, आणि त्याच्या बरोबर वर हा स्वतः. फळीवर, गुडघे वाकवून, दात आवळून, पुढं बघत. दिवसातून किती वेळा ते. एकदा त्यानं स्टुलावर चढून फ्रेम जरा सरकवून बघितली. अण्णा म्हणाले, तिरकी दिसायलीय, होती तशी कर.

परवा चांदसाब आला. जुना पेंटर, हाताला कायम चुना. प्रायमरच्या दोन बादल्या काउंटरवर घेतल्या आणि म्हणाला, "कितना कम करता, बोल."

गुरुशांतची मान गेली मागं. अण्णांचे डोळे पेपरात होते. म्हणजे नाही.

चांदसाबही त्याच्यासोबत तिकडं बघत होता. डोळे बारीक करून, मान तिरकी करून. "चष्मा घरकू रह गया," तो म्हणाला. "नीचे क्या लिखेला है दिखता नहीं. पर वो तू है नं रे गुरू? पाणी पे खडेला?"

दुकानात आणखी एक-दोन गिऱ्हाइकं होती. रंग मिसळायचं टिंटिंगचं मशीन घरघरत होतं, ते नेमकं तेव्हाच थांबलं.

गुरुशांतच्या मानेतली ती शीर हलली. त्यानं हात बादलीच्या कडीवर ठेवला आणि चांदसाबच्या चुनाळ भुवयांकडं बघत राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "मीच हाय त्यो."

मग किती सोडणार तो आकडा सांगितला, नेहमी सोडतो त्याहून थोडा कमीच, आणि बादल्या त्याच्याकडं सरकवल्या. चांदसाब पैसे मोजायला लागला. मागं पेपरचं पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.