आमंत्रणाचा पाला

या मित्रांनो, असे जवळ सरका. मांडी घालून बसा, चित्त इकडे द्या. एका सकाळची गोष्ट सांगतो. मी एक जुना काळ्या दगडाचा खल आहे.

सोलापुरात गुरुसिद्धप्पा वैद्यांच्या, म्हणजे आमच्या आप्पांच्या, ओसरीवर माझं आयुष्य गेलं. त्यांचा बत्ता फिरू लागला की कीर्तनात टाळांनी चढावी तशी गुंगी मला चढे. अडुळसा, गुळवेल, तुळस माझ्या पोटात विरघळत आणि वाटे, आपण दगड नाहीच. कुणाला तरी पडलेलं हिरवं स्वप्न आहोत.

आप्पांची एक रीत होती. पाला तोडण्याच्या आदल्या संध्याकाळी ते झाडाला अक्षता वाहत आणि म्हणत, "उद्या आमच्या घरी या, दुखणेकऱ्यासाठी या." असा आलेला पाला वाटून रोग्याच्या पोटात जाईपर्यंत वैद्यानं उंबरा ओलांडायचा नाही. पाहुण्याला टाकून कोण जातं?

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात फ्ल्यूची साथ आली. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे अल्लाउद्दीन मास्तर माझ्यातला रस बाटलीत भरून नेत. पाल्यातला नेमका कोणता अंश या तापाशी झुंजतो, ते त्यांना हुडकायचं होतं.

"घावला का?" आप्पा विचारत.

"पुण्याला तपासायला पाठवलंय. एक अंश बरा दिसतो म्हणतात. पण काचेत बरा दिसणं वेगळं आप्पा, माणसात वेगळं."

आणि मग आप्पांच्या पत्नी बसम्माकाकूच तापानं पडल्या. चौथ्या सकाळी त्यांना धाप लागली. आप्पा पाला वाटत होते, भराभर. मास्तर बाटली घेऊन आले, आत डोकावले आणि तिथंच थबकले.

"आप्पा, काकूंचे ओठ निळे पडलेत. टांगा आणतो, दवाखान्यात नेऊ."

"पाला आलाय मास्तर. आमंत्रण दिलंय. मला उठता येत न्हाय."

"या पाल्यात काय आहे, मला अजून ठाऊक नाही. तुम्हाला आहे?"

बत्ता मंदावला. आतून काकूंचा तुटका आवाज आला, "मला बी... आवतान देऊनच आणलं होतं की. चाळीस वरसं झाली. पाहुणीकडं... एकदा तरी बघा."

आप्पांनी बत्ता खाली ठेवला. परसातल्या अडुळशाकडे वळून हात जोडले, "माफी असावी," म्हणाले आणि उठले.

अर्धा वाटलेला पाला माझ्यात तसाच सुकत राहिला.

अकरा दिवसांनी काकू घरी आल्या. काडीसारख्या झाल्या होत्या. ओसरीवर टेकता टेकता म्हणाल्या, "खल अजून धुतला न्हाय व्हय?"

पुढे धाप लागलेला रोगी आला की आप्पा त्याला आधी दवाखान्यात धाडत. "वैद्य भ्याला," लोक म्हणाले. ओसरी हळूहळू रिकामी झाली, मी कोपऱ्यात गेलो. मास्तरांचा शोध मात्र चालूच राहिला. पाल्यात औषध असेलही, म्हणत, पण ठरायचं आहे.

मित्रांनो, झाडापाल्याला मान द्या, त्याला ओरबाडू नका. पण घरातलं कुणी श्वासासाठी धडपडू लागलं, तर माझ्या गुरुसिद्धप्पांची आठवण ठेवा. जन्माची रीत अर्ध्यावर टाकून ते टांग्यात बसले, तेव्हा त्यांच्या हाताला पाल्याचा रस तसाच होता आणि त्याच हातानं त्यांनी काकूंना धरलं होतं.