लागला की नाही लागला

त्या संध्याकाळी हॉलमध्ये बारा हजार माणसं घसा फाटेस्तोवर ओरडत होती आणि गुण नि घड्याळं सांभाळणारे आम्ही टेबलावरचे चौघं तोंड शिवून बसलो होतो. पंचांची गुणपत्रकावर सही होईपर्यंत टाळी नाही, ओरडणं नाही, हसणंसुद्धा नाही, असा नियमच आहे.

एवढ्या देशांच्या क्रीडास्पर्धा आमच्या शहरात भरलेल्या, आणि बास्केटबॉलमध्ये आमच्या पोरांची उपांत्यपूर्व फेरी! जिंकले तर पहिल्यांदाच शेवटच्या चारांत. माझ्या हातात चोवीस सेकंदांच्या घड्याळाचं बटण. चोवीस सेकंदांत चेंडू बास्केटकडे टाकायचा. तो रिंगला लागून पुन्हा त्याच संघाला मिळाला, तर मी बटण दाबून चौदा सेकंद नव्याने द्यायचे. नाही लागला, तर बटणाला हात लावायचा नाही.

सकाळी चहा पिताना आमचे हे म्हणाले होते, "अगदीच अटीतटीची वेळ आली, तर जरा आपल्या माणसांकडे बघ हं."

"बटण आपलं-परकं जाणत नाही."

"म्हणजे तुझ्यासारखंच आहे," ते म्हणाले आणि माझ्या शाळेतल्या सगळ्या शिक्षकांना घेऊन स्टँडमध्ये जाऊन बसले.

मी शाळेत पीटी शिकवते. आमच्या संघातला लंबू माझाच जुना विद्यार्थी. चेंडू रिंगला न लागता खाली पडला तरी "लागला, बाई, लागला!" म्हणून गळा काढायचा. मग मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायची आणि त्याने मुकाट्याने मैदानाला एक फेरी मारायची. पाच वर्षांत त्याने किती फेऱ्या मारल्या याचा हिशेब नाही. त्याचा दम त्यातूनच तयार झाला, असं मी सगळ्यांना सांगते.

एकाहत्तर-सत्तर. आम्ही एका गुणाने पुढे. सामन्याचे तेरा सेकंद उरलेले, माझ्या घड्याळात तीन. लंबूने उडी मारून चेंडू टाकला. चेंडू बोर्डाच्या कडेला थडकला, जाळीला चाटून खाली आला आणि आमच्याच कॅप्टनच्या हातात पडला.

"लागला! लागला!" लंबू थेट माझ्याकडे बघून ओरडला. बारा हजार माणसंही तेच ओरडली. बटण दाबून नवे चौदा सेकंद दिले असते, तर उरलेला वेळ चेंडू धरूनच संपला असता; सामना तिथेच खिशात होता. माझा अंगठा बटणावरच होता.

पण रिंगला लागला नव्हता. मी पाहिलं होतं.

अंगठा उचलला. एक सेकंद, शून्य, भोंगा. पंचांनी चेंडू पाहुण्यांना दिला. हॉलने माझ्या नावाने जो शंख केला! त्यात आमच्या ह्यांचा आवाज मला वेगळा ओळखू आला. रडू येत होतं, पण रडण्यालाही बंदीच असणार.

दहा सेकंद. पाहुण्यांचा तो बुटका, वाऱ्यासारखा पळणारा खेळाडू दोघांना चकवून आत घुसला. पाच. चार. त्याने चेंडू वर टाकला, आणि कुठून कोण जाणे, लंबूचा हात आला! चेंडू थेट प्रेक्षकांत. उरलेल्या दोन-तीन सेकंदांत पाहुण्यांना काही जमलं नाही. भोंगा!

सगळा हॉल उभा राहिला. कॅप्टन रडत होता, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. शेजारचे सामन्याचं घड्याळ सांभाळणारे काका खुर्चीला घट्ट धरून बसले होते. मी गालाची आतली बाजू चावत पंचांच्या पेनाकडे बघत होते. पेन उमटेना. त्यांनी झटकलं, पुन्हा टेकवलं. झाली सही!

मी ताडकन उठले, दोन बोटं तोंडात घातली आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी शिट्टी मारली. आनंदाची होती हो, निव्वळ आनंदाची.

पण गर्दीच्या खांद्यांवर बसलेला लंबू दचकला. त्याने माझ्याकडे पाहिलं, जीभ चावली आणि खाली उतरला. मग गळ्यातला टॉवेल सावरत, मान खाली घालून, कोर्टभोवती एक फेरी मारायला लागला.