दोन बोटं प्लॅस्टिक

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. कळव्याच्या दिपेशकडे मी सहा वर्षं होते. गोल दिवा, उघडं इंजिन, अंगावर कसलं झाकण नाही. अशा गाडीला म्हणे ‘नेकेड’ म्हणतात. बाई गं, काय ते नाव! पण मी गुणाची होते. खोपटच्या डेपोजवळ दिपेशचं काम होतं. रोज त्याला तिथे न कुरकुरता नेऊन आणायचे. येता-जाता तो माझ्याशी बोलायचा. मला तेवढं पुरे होतं.

मग त्याच्या मनात फेअरिंग भरलं. फेअरिंग म्हणजे रेसच्या गाड्यांना पुढून आणि बाजूंनी असतं ते प्लॅस्टिकचं कवच. हे कंपनीचं नव्हे, बाहेरून मागवलेलं. ऐन दसऱ्याच्या सकाळी त्यानं अंगणात काम काढलं. माझा गोल दिवा उतरवला, पट्ट्या आवळल्या, भोकं जुळेनात म्हणून नवी पाडली. बहीण करिश्मा कवच धरून उभी होती. मला डबल स्टँडवर, हॅण्डल सरळ ठेवून उभं केलेलं.

“दादा, हॅण्डल वळवून बघ ना एकदा,” करिश्मा म्हणाली.

“अगं, नंतर. आई ताट घेऊन कधीची उभी आहे.”

त्यांच्या आईनं, सखुबाईंनी, कवचावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ वाढवला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी फार मिरवले.

फाटकातून बाहेर पडताना हॅण्डल उजवीकडे वळवलं आणि क्लचचा दांडा कवचाला अडला. दोन बोटं प्लॅस्टिक कापलं की झालं असतं. दिपेश करवत घेऊन आलाही, पण सखुबाई आडव्या आल्या.

“पूजा झालेल्या गारीला करवत लावाची नाय. अपशकुन हाय तो!”

दिपेश हसला. “बरं बाबा. जपून चालवतो.”

पाचव्या दिवशी गल्लीच्या वळणावर समोर हातगाडी आली. त्यानं हॅण्डल वळवलं, ते अर्ध्यातच अडलं आणि आम्ही दोघं पडलो. त्याचं मनगट मोडलं. सखुबाईंनी मला बघितलं आणि बोट दाखवून म्हणाल्या, “पांढऱ्या पायाची मेली! माझ्या पोराला खाल्लंन असतं हिनं.”

करिश्मा काही बोलणार होती. दिपेशनं तिला अंगणात ओढलं.

“आईला काही सांगू नकोस. तिनं करवत अडवली म्हणून हे झालं असं तिला कळलं, तर आयुष्यभर मनाला लावून घेईल.”

हे मी ऐकलं. दिपेशचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. आईला जपायचं तर बोल कुणावर तरी जाणारच, आणि मला तोंड नाही. पण मित्रांनो, फार एकटं वाटलं हो. मला मागच्या भिंतीशी लावून वर ताडपत्री टाकली. टायर बसले, साखळी गंजली. दारात नवी स्कूटर आली, आणि दिपेश माझ्याकडे न बघता पुढून जायला लागला. पुढच्या दसऱ्याला झेंडूचा वास तेवढा आला. हार स्कूटरला होता.

त्यानंतर कल्याणचे प्रभाकर मेस्त्री मला घ्यायला आले. आधी त्यांनी हॅण्डल दोन्हीकडे वळवलं. कट्ट, असा आवाज झाला.

“अरे, हे इथे अडतंय. यानं कोणीपण पडेल. कापलं का नाही?”

दिपेशनं मान खाली घातली. सखुबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग करिश्माकडे, आणि त्यांना सगळं समजलं. त्या हळूहळू माझ्याजवळ आल्या. टाकीवरची धूळ पदरानं पुसली.

“मीच कापू दिला नाय बाय. आनि बोल तुला लावला.”

वाटलं, आता थांबवतील मला. पण टेम्पो दारात उभा होता, व्यवहार ठरलेला होता. मी गेले.

मित्रांनो, वाहनाची पूजा जरूर करा. पण त्याआधी हॅण्डल दोन्हीकडे वळवून पाहा. आणि आपली चूक झाकायला मुक्या वस्तूवर खापर फोडू नका. ती ऐकत असते.

कल्याणला पोचल्यावर प्रभाकर मेस्त्रींनी आधी करवत काढली. मी घाबरले होते. दोन बोटं प्लॅस्टिक खाली पडलं, हॅण्डल पूर्ण वळलं. मेस्त्रींचा चहा गार व्हायच्या आत काम झालं. एवढंच होतं ते.